आखूड झालेली पँट, पांढरी सलवार आणि शाळेच्या फाटकावरचा वाद

पत्र: "माझा मुलगा यंदा आठवीत गेला, मुलगी नववीत आहे. दोघं तालुक्याच्या गावातल्या एकाच अनुदानित मराठी शाळेत. आठवीपासून फुल पँट, म्हणून जूनमध्ये नव्या दोन शिवल्या. दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर गेल्या. त्यात त्याने मित्राबरोबर जाऊन एक पँट खालून अरुंद करून आणली आणि केसांचा फेड कट केला. पीटीच्या सरांनी दोन तास वर्गाबाहेर उभं केलं आणि 'सुट्टीनंतर असाच आलास तर मीच कात्री लावीन' म्हणाले. मुलीची सलवार पांढरी, बुधवार-शनिवारचा पीटीचा ड्रेसही पांढरा. पाळीच्या दिवसांत ती शाळा बुडवायला बघते. सायकलवर ओढणीची भीती वेगळीच. शाळा म्हणते गणवेश ठरलेल्या एकाच दुकानातून घ्या, तिथे एक संच 1,450 रुपयांना. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना फुकट मिळतो, मग आमच्या मुलाला का नाही? शाळेशी भांडावं की गप्प बसावं? मुलगी तर विचारते, आम्हाला पँट का नाही?" – एक आई

ताई, तुमच्या पत्रातली निम्मी दुखणी टेप आणि सुईची आहेत. ती घरी आणि शिंप्याकडे मिटतात. उरलेली निम्मी कागदाची आहेत. ती तुम्ही मुख्याध्यापकांशी लेखी बोलून मिटवायची. यातलं एकही दुखणं तेरा वर्षांच्या मुलाने फाटकावर उभं राहून सरांशी बोलून मिटणार नाही, आणि आज सगळा भार त्याच्याच डोक्यावर आहे. तो आधी उतरवू.

दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत पँट उलटी करून बघा. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची उंची सगळ्यात वेगाने वाढते, वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरही. त्यात आधी पाय लांबतात, धड मागून येतं. म्हणून शर्ट नीट बसत असतानाच पँट आखूड होते. तरी पायाच्या वाट्याला वर्षभरात साधारण दोन इंच येतात, म्हणजे जून ते दिवाळी जेमतेम इंचभर. तुमच्या दोन्ही पँट घोट्याच्या वर गेल्या, याचा अर्थ शिवण्याआधी कापड भिजवलेलं नव्हतं आणि पहिल्या चार धुण्यांत ते आटलं, किंवा शिंप्याने पहिल्याच दिवशी बेताचीच लांबी दिली. दोन्ही पुढच्या वेळी टाळता येतं.

आत्ता काय करायचं? खालची दुमड मोजा. दोन इंच किंवा जास्त असेल तर उसवून दीड इंच खाली सोडता येते. दीडच इंच असेल तरी इंचभर मिळतं. मग आतून त्याच रंगाची अर्धा-पाऊण इंची पट्टी लावून कडा बंद करायला सांगा. जुन्या घडीची रेघ राहते, त्यावर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी एकत्र करून त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा, रेघेवर ठेवून इस्त्री दाबा. इस्त्री घासू नका, दाबून उचला. आधी आतल्या बाजूला करून बघा, काही रंग व्हिनेगरने बदलतात. घडीची रेघ अशी जाते, पण कापड विटून पडलेली रेघ जात नाही, कारण दुमडीच्या आतलं कापड उन्हात कधी आलेलंच नसतं. तिथे पॉलिशची डबी किंवा खडू फासण्याचा उद्योग नको, चारचौघांत जास्त उठून दिसतो. एक-दोन महिन्यांत ती आपोआप मुरते.

अरुंद केलेल्या पँटबद्दल शिंप्याला एकच विचारा: कापड कापलं की नुसती आत शिवण मारली? नुसती शिवण असेल तर उसवून मूळ मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर, परत येते. टाक्यांच्या भोकांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की ती बरीचशी बुजतात. कापड कापलं असेल तर ती पँट शाळेतून बाद समजा, घरात वापरू द्या. मुलाला त्याची शिक्षा म्हणून सांगू नका, हिशेब म्हणून सांगा. या वयाला सगळी गोल मोजून 15-16 इंच मोहरी असली की पाय सहज आत जातो, बुटावर नीट पडते आणि फार ढगळही दिसत नाही. त्याला 14 हवी असेल आणि शाळेने आकडा लिहिलेला नसेल तर 15 वर तडजोड होऊ शकते. शाळेला मात्र आकडा लिहायला लावा. "फार टाइट नको" या शब्दांवर रोज एका नव्या सरांचं नवं मत निघतं. "मोहरी 15 इंचांपेक्षा कमी नको" यावर कुणाचंच मत चालत नाही, टेप चालते.

पुढच्या जूनची पँट शिवताना शिंप्याला या चार गोष्टी सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. खाली 3 इंच दुमड. कमरेला मागच्या शिवणीत दीड इंच दाब, म्हणजे कंबर वाढली तर सोडता येते. आसनाच्या शिवणीला दुहेरी टीप, कारण शाळेच्या पँट सगळ्यात आधी तिथेच फाटतात. आणि माप देताना मुलाला नुसतं उभं करायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसवायचं, वाकवायचं. प्रार्थनेला आणि डब्याला मुलं जमिनीवर बसतात. उभ्याने छान बसलेली पँट तिथे गुडघ्यात आणि आसनात ओढते. 58 इंची पन्ह्याचं कापड असेल तर या उंचीच्या मुलाला दुमड धरून 1.20 मीटर पुरतं. 10 सेंटिमीटर जास्त घ्या आणि शिवायला देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती भाग जास्त तितकं कापड जास्त आटतं.

शर्टाचं तंत्र वेगळं. तयार घेणार असाल तर छातीच्या मापापेक्षा एक साइज मोठा घ्या, पण खांद्याची शिवण हाडापासून अर्ध्या इंचापेक्षा खाली उतरू देऊ नका. नाहीतर मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं दिसतं आणि मुलं त्याचीच लाज धरतात. "शर्ट सारखा बाहेर येतो" ही शाळेची नेहमीची तक्रार. त्यात मुलाचा गबाळेपणा कमी आणि शर्टाची लांबी अपुरी हे कारण जास्त असतं. कमरेच्या खाली किमान सहा-सात इंच कापड असेल तरच फळ्यावर लिहायला हात वर केल्यावर शर्ट खोचलेला राहतो. वाढत्या मुलाचा शर्ट लांबीलाच सैल शिवा, रुंदीला नको.

आता केस. ही बाब तुम्हाला किरकोळ वाटेल, तेरा वर्षांच्या मुलाला ती अजिबात किरकोळ नसते. या वयात चेहरा बदलतो, आवाज फुटतो, मुरमं येतात, हातपाय ताब्यात नसतात. केस ही एकच गोष्ट त्याच्या मर्जीची उरते. म्हणून आधी त्याची बाजू ऐकून घ्या, मग न्हाव्याकडे जा. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. बाजूला शून्य किंवा एक नंबरने उडवलेले केस महिन्याभरात भरून येणार नाहीत, पण कट डोळ्यात भरतो तो बाजूच्या आणि वरच्या केसांतल्या फरकामुळे. तो फरक कमी केला की पुरतं. न्हाव्याला असं सांगा: वर कात्रीने दोन बोटं ठेवा, कपाळावर येऊ देऊ नका, बाजूला आत्ता हात लावू नका, वरच्या-खालच्या केसांची पायरी मिसळून घ्या, रेषा असेल तर तिच्या आजूबाजूचे केस तीन नंबरने सारखे करा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बाजू तीन नंबरने सारखी करायची. तीन नंबर म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. बहुतेक शाळांत तो चालतो. पुढे दर चार आठवड्यांनी एक फेरी. आणि त्याच्याशी सरळ सौदा करा: मे महिन्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी हवा तो कट. शाळा उघडेपर्यंत दीड सेंटिमीटर केस परत येतात आणि जूनमध्ये एकदा सारखे केले की प्रश्न संपतो.

पण कात्रीची धमकी वेगळी. शिक्षकाने मुलाचे केस कापणं, दोन तास वर्गाबाहेर उभं करणं, वर्गासमोर अपमान करणं यातलं काहीही गणवेशाच्या नियमात बसत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 मधलं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करतं. तो कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि तुमचा मुलगा त्यात बसतो. मुलगी चौदा ओलांडून गेली असेल तर ते कलम शब्दशः तिला लागत नाही, पण नववी-दहावीच्या मुलींचा अपमान चालतो असा त्याचा अर्थ कुठल्याही मुख्याध्यापकाने काढू नये. नियम मोडला तर शाळेने डायरीत लिहावं, पालकांना बोलवावं, मुदत द्यावी. तास बुडवणं ही शिक्षा कधीच नको. पँटच्या मोहरीची किंमत गणिताच्या तासाने का मोजायची?

तरी रागाने शाळेत जाऊ नका. आधी कपडे आणि केस नीट करून मुलाला पाठवा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर चिठ्ठी द्या. चिठ्ठीत आरोप नको, घटना आणि मागणी असू द्या. असं लिहिता येईल:

"मा. मुख्याध्यापक यांस, स. न. माझा मुलगा इयत्ता आठवीत शिकतो. गणवेश व केसांच्या कारणावरून त्याला अमुक तारखेला दोन तास वर्गाबाहेर उभे करण्यात आले व केस कापण्याविषयी बोलले गेले. पँट व केस आता शाळेच्या नियमाप्रमाणे केले आहेत. यापुढे काही त्रुटी आढळल्यास डायरीतून किंवा दूरध्वनीवर मला कळवावे, मी आठ दिवसांत दुरुस्त करीन. त्याचा तास बुडू नये व केसांना शाळेत कोणी हात लावू नये, ही विनंती. तसेच गणवेशाचे लेखी नियम (कापड, रंग, मोहरी, केस, बूट) मिळावेत. आपली, ..."

दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण मुख्याध्यापकांना अनेकदा हे मैदानावरचं बोलणं माहीतच नसतं. उत्तर आलं नाही तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, आधीच्या चिठ्ठीची प्रत जोडून. मुंबईतल्या वाचकांसाठी तिथे शिक्षण निरीक्षक. खरोखर कुणी मुलाच्या अंगाला किंवा केसांना हात लावला तर ही पायरी-पायरी सोडा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा, लेखी द्या, आणि मूल घाबरलेलं असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास असते.

दुकानाचा प्रश्न. एकाच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, अशाच सूचना शिक्षण विभाग देत आला आहे; सीबीएसईनेही 2017 मध्ये आपल्या शाळांना हेच बजावलं. शाळा गणवेश ठरवू शकते, दुकान नाही. इथे भांडण्यापेक्षा तपशील मागा, तो हातात आला की दुकान आपोआप सुटतं. शर्टाचं कापड टेरीकॉट का सुती, रंगाची नेमकी छटा आणि शक्य तर कापडाचा तुकडा, बटणाचा रंग, खिशावरचं चिन्ह. चिन्ह विणलेलं किंवा भरतकाम केलेलं असेल तर शाळेच्या कार्यालयातून सुटा बिल्ला मिळतो का विचारा. तो घरी खिशावर शिवता येतो. सगळं दुकान त्या बिल्ल्यावरच तर चालतं.

कापड बाहेरून घेताना फसगत होते ती छटेत. आकाशी आणि फिक्या निळ्याच्या दहा छटा असतात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्या दिसतात आणि मैदानावर उन्हात रांगेत उभं राहिलं की आपलंच मूल वेगळं दिसतं. मुलाचा न विटलेला शर्ट बरोबर न्या, नसेल तर वर्गमित्राचा मागून न्या. दोन्ही कापडं दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात जुळवा. वर्षभराचे सगळे शर्ट एकाच ठाणातून एकदमच घ्या, कारण पुढच्या ठाणात छटा थोडी सरकते. कापडात पॉलिस्टर किती हे बघायचं तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख राहते, पॉलिस्टर वितळून कडक काळी गोळी होते. शर्टाला सुती भाग जितका जास्त तितका मार्च-एप्रिलच्या उन्हात बरा. पँटला पॉलिस्टर जास्त चालतं, चुरगळत नाही आणि लवकर वाळते.

किती संच घ्यायचे? सहा दिवसांच्या शाळेत बुधवार-शनिवार पीटीचे काढले तर रोजच्या गणवेशाचे चार दिवस. तीन शर्ट, दोन पँट आणि पीटीचा एक ड्रेस एवढ्यात वर्ष निघतं. तीन-तीन संच घेऊन ठेवू नका, मुलाचं वय असं आहे की तिसरी पँट घालायच्या आत आखूड होईल.

जिल्हा परिषद शाळेशी तुलना करून मनाला लावून घेऊ नका. पहिली ते आठवीचा मोफत गणवेश समग्र शिक्षा योजनेतून येतो आणि तो सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. तिथे दोन गणवेशांसाठी धरलेला दर मुलामागे वर्षाला 600 रुपये. खासगी अनुदानित शाळा त्यात येत नाही. पण हा आकडा लक्षात असू द्या. तुमच्या एका संचाचे 1,450 आणि तिथल्या दोन संचांचे 600. शाळेशी बोलताना एवढं शांतपणे मांडलंत तरी पुरे.

आता लेकीकडे येते, कारण खरं तातडीचं तिचं आहे. गणवेशाच्या रंगामुळे मुलगी शाळा बुडवते तेव्हा मुलीला धीर देत बसण्याआधी तो रंग बदलण्याच्या मागे लागायला हवं. खुद्द विंबल्डनने, जिथे पांढऱ्या पोशाखाचा नियम जगात सगळ्यात कडक, 2023 पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची शॉर्ट घालायला परवानगी दिली. जिल्ह्यातल्या एका शाळेला हे जमू नये असं काही नाही. चार-पाच आया मिळून मुख्याध्यापकांकडे एकच मागणी न्या: मुलींना पांढऱ्याऐवजी कमीजच्या रंगातली, म्हणजे गडद निळी सलवार, आणि पीटीला पांढऱ्याऐवजी गडद ट्रॅक पँट. शाळेत बाई असतील तर त्यांना बरोबर घ्या. उत्तर येईपर्यंत तात्पुरती सवलत मागा: त्या चार-पाच दिवसांत पीटीला रोजचाच गणवेश चालेल. याला पैसे लागत नाहीत, मुख्याध्यापकांचा एक शब्द लागतो.

तोवर दप्तरात एक कापडी पिशवी कायमची: दोन पॅड, एक चड्डी, घडी केलेली एक सलवार, ओले कपडे ठेवायला एक प्लास्टिक पिशवी, वापरलेलं पॅड गुंडाळायला वर्तमानपत्राचा कागद. सलवारीच्या आत मांडीपर्यंतची गडद सुती शॉर्ट घातली तर गळती बाहेर दिसायला वेळ लागतो आणि धावताना भीती वाटत नाही. डाग पडलाच तर गार पाणी आणि साबण, लगेच. गरम पाणी घातलं की रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. वाळलेला डाग गार मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मग साबण लावा. शाळेच्या नळावर धुवायला लाज वाटते म्हणून मुली तो तसाच घरी आणतात. प्लास्टिकच्या पिशवीची सवय त्यासाठीच.

ओढणीची भीती खरी आहे. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये टोक गेलं की ओढणी गळ्याला आवळते; सायकल थांबवायलाही वेळ मिळत नाही. दोन उपाय एकदम करा. सायकलच्या मागच्या चाकाला जाळीचं कव्हर आणि चेनला पूर्ण झाकण बसवा, कुठल्याही सायकल दुकानात मिळतं. आणि सायकलवर ओढणी गळ्यात नाहीच. घडी करून दप्तरात, शाळेच्या फाटकापाशी काढून घालायची. वर्गात दोन्ही खांद्यांवर पिना लावून समोर व्ही आकार आणि मागे दोन्ही टोकं एकत्र गाठ. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असताना टोकं सुटी ठेवायची नाहीत, तिथे गाठ कमरेला घ्या. शाळा ओढणीऐवजी त्याच रंगाचं जाकीट चालवायला तयार असेल तर सगळ्यात उत्तम. ते चाकात जात नाही, ज्योतीवर येत नाही आणि मुलीचे दोन्ही हात मोकळे राहतात.

दोन वेण्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण नववीच्या मुलीच्या पत्रात ते नसून असतं. वेणी मुळाशी रोज घट्ट ओढून बांधली तर कानशिलाजवळचे केस विरळ होतात, डोकंही दुखतं. मुळाशी बोटभर सैल ठेवा, ओल्या केसांची वेणी घालू नका. नहाणं शनिवारी दुपारी केलं तर रविवारभर केस वाळतात. केस कमरेएवढे असतील आणि सकाळी वेळ जात असेल तर खांद्यापर्यंत कापलेले केस आणि दोन क्लिपा शाळेच्या नियमात बसतात का ते त्या लेखी नियमावलीत बघा. मेंदी, राखी, टिळा यांवरून शाळांनी मुलांना शिक्षा करू नये असं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये राज्यांना कळवलं होतं; दिवाळीची मेंदी हातावर असेल तर काळजी नको, ती दोन-तीन आठवड्यांत उतरते. कानात मात्र लोंबतं काही नको. पीटीत ओढलं गेलं तर कानाची पाळी फाटते.

बुटांचं थोडक्यात, कारण दोघांचेही पाय अजून वाढताहेत. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. शाळेचे मोजे घालून, दोन्ही पायांचं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. दोन साइज मोठा घेऊन पुढे कापूस कोंबू नका, टाच वर-खाली होऊन सोलवटते. शाळेचे काळे बूट बहुतेक सिंथेटिक असतात, त्यावर मेणाचं पॉलिश मुरत नाही, वर थर साचून भेगा पडतात. ओल्या फडक्याने पुसून द्रव पॉलिश पुरे. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासला डाग पडले तर ब्लीच नको, कडेचं रबर पिवळं पडतं. साबण, जुना ब्रश आणि वाळल्यावर पांढरा खडू.

जूनमध्ये हे सगळं पावसात जाणार, तेव्हा आतापासून ठरवून ठेवा. भिजलेल्या बुटातला आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, रात्री पुन्हा बदला. गॅसजवळ किंवा कढईच्या उबेला ठेवू नका, बुटाच्या तळाचा गोंद सुटतो. शक्य असेल तर शाळेला जून ते सप्टेंबर सँडलची परवानगी मागा. ओलसर मोज्यांत सहा तास बसल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कपडे घट्ट पिळून आधी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग पंख्याखाली हँगरवर. दोरीवर दुहेरी घातलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, घाबरू नका; साबण धुऊन कडक उन्हात ठेवला की हळदीचा रंग उन्हाने उडतो. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून त्या चार महिन्यांत डब्यात रस्सा घट्ट झाकणाच्या डबीतच द्या.

मुलीचा शेवटचा प्रश्न, आम्हाला पँट का नाही. तिला सांगा की हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयंचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना एकच तीन-चतुर्थांश पँट आणि शर्ट केला, पुढे डिसेंबर 2021 मध्ये कोळीकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेत अकरावीच्या मुलींना पँट-शर्ट आला. तिथेही काहींनी विरोध केला. तुमच्या शाळेत सक्ती मागू नका, पर्याय मागा: सलवार-कमीज किंवा पँट-शर्ट, जी जिला सोयीची वाटेल ती. मोजण्यासारखी कारणंच पुढे करा, म्हणजे सायकल, पाळी, पीटी, प्रयोगशाळा. आणि वेळ साधा. गणवेशाची मागणी सोलापूरसारख्या ठिकाणच्या कारखान्यांकडे आणि दुकानांकडे उन्हाळ्याच्या बरीच आधी जाते. एप्रिलमध्ये शाळेला विचारलंत तर "कापड आलंय, आता पुढच्या वर्षी" हेच उत्तर येईल. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक सोडत काढून घेतात, नववीची जागा कुणाकडे आहे ते शाळेत विचारा, त्यांना भेटा आणि विषय जानेवारीच्या सभेच्या कामकाजात लेखी घालून घ्या. लेकीला त्या अर्जावर स्वतःची सही करू द्या.